घरच्या घरी फळांचे गोठवलेले गोड : उणकल परिसरातील एक आरोग्यदायी प्रयोग

हुबळीहून धारवाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर उणकल हे गाव लागते. चालुक्य शैलीतील चंद्रमौळेश्वराचे प्राचीन मंदिर आणि विस्तीर्ण तळे यांमुळे हे नाव दूरवर परिचित आहे. १९६२ साली हुबळी व धारवाड या दोन शहरांची एकच महानगरपालिका झाली आणि त्यानंतर वाढत्या वस्तीने उणकललाही आपल्यात सामावून घेतले. १९५६ पर्यंत हा सर्व प्रदेश मुंबई राज्यात होता. येथे आजही कन्नडबरोबर मराठी बोलणारी अनेक कुटुंबे राहतात. आंब्याला येथे कोणी ‘माविन हण्णु’ म्हणते, कोणी ‘आंबा’. पेरूला कन्नडात ‘पेरल हण्णु’ म्हणतात आणि ते नाव आपल्या पेरूचे सख्खे भावंड वाटते. भाषा निरनिराळ्या असल्या तरी उन्हाळ्याची काहिली सर्वांना सारखीच, आणि थंड पदार्थासाठी मुलांचा हट्टही सारखाच.

या हट्टापायी मुलांच्या हाती काय पडते, याचा विचार करण्याची वेळ आली आहे. उघड्यावर किसलेला बर्फ, त्यावर ओतलेला रंगीत साखरपाक आणि तो चोखून झालेला ओठांचा लाल-हिरवा रंग हे दृश्य कोणत्याही गावच्या जत्रेत वा बागेच्या दाराशी दिसते. त्या गोळ्यात फळ नसते, दूध नसते; असतात फक्त पाणी, साखर व रंग, आणि पाणी अशुद्ध असेल तर रोगाचे जंतू. याच दिवसांत परिसरातील आंबा, केळी, चिकू बाजारात येतात आणि पुष्कळसे फळ डागी म्हणून कवडीमोलाने जाते. हे फळ आणि घरचे दूध यांची सांगड घातल्यास बालकांना रुचेल असे पौष्टिक गोड घरीच तयार होऊ शकते. त्याची कृती व त्यामागील शास्त्र यांची माहिती या लेखात दिली आहे.

थंडीने जंतू मरत नाहीत

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘बर्फात काही जगत नाही’ अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. गोठल्यामुळे जंतूंची वाढ थांबते. काही मरतात, पण पुष्कळसे केवळ निपचित पडून राहतात. बर्फ वितळला व पोटातील ऊब मिळाली की ते पुन्हा कार्यरत होतात. विषमज्वर, पटकी, अतिसार आणि दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ हे रोग अशुद्ध पाण्याच्या बर्फातूनही होऊ शकतात. म्हणून जे पाणी पिण्यास योग्य नाही, त्याचा बर्फही खाण्यास योग्य नाही, ही गोष्ट मनावर ठसवून घ्यावी.

या बाबतीत हुबळी-धारवाडचाच अनुभव उद्बोधक आहे. उणकलचे तळे एके काळी हुबळीच्या पाणीपुरवठ्याचा आधार होते. पुढे नीरसागर तलाव व मलप्रभा नदी यांचे पाणी शहराला मिळू लागले. वस्ती वाढली तसे सांडपाणी व जलपर्णी यांनी उणकलच्या तळ्याला ग्रासले. नळाचे पाणी मात्र बहुतेक भागांत काही दिवसांच्या अंतराने येत असे. नळ बंद असताना नळीतील दाब नाहीसा होतो आणि फटींतून बाहेरची घाण आत शिरण्यास वाव मिळतो. २००८ च्या सुमारास शहरातील काही निवडक भागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग सुरू झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या भागांची इतर भागांशी तुलना केली. अखंड पुरवठ्याच्या नळांच्या पाण्यात दूषितपणा पुष्कळच कमी आढळला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अशा भागांत विषमज्वराचा रुग्ण असल्याचे सांगणारी घरे कमी होती आणि गरीब कुटुंबांतील लहान मुलांत रक्तमिश्रित जुलाबांचे प्रमाणही कमी होते. परंतु मुलांच्या एकूण अतिसारात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही.

यातून गृहिणींनी घ्यावयाचा बोध असा की, नळाला चांगले पाणी येणे ही निम्मी लढाई होय. उरलेली निम्मी घरात लढावी लागते. साठवणीचा हंडा, पाणी काढण्याचा ओगराळा, हात, फडके व भांडी स्वच्छ नसतील तर उत्तम पाणीही वाया जाते. न शिजवता खाण्याच्या पदार्थाच्या बाबतीत ही दक्षता दुपटीने घेतली पाहिजे.

मिठाने बर्फ अधिक थंड का होतो?

शुद्ध पाण्याचा बर्फ शून्य अंश सेल्सिअसला वितळतो. दूध व फळाचा गर यांत साखर विरघळलेली असल्यामुळे ते शून्य अंशाच्याही खाली गेल्यावर गोठू लागतात. त्यामुळे नुसत्या बर्फात डबा कितीही वेळ ठेवला तरी आतील मिश्रण गार होते, पण घट्ट होत नाही. बर्फावर जाडे मीठ टाकले म्हणजे त्याचा वितळबिंदू खाली उतरतो. बर्फ वेगाने वितळू लागतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता आसपासच्या वस्तूंतून, म्हणजे डब्यातील मिश्रणातूनही, ओढून घेतो. प्रयोगशाळेत बर्फ व मीठ यांच्या मिश्रणाचे तापमान शून्याखाली २१ अंशांपर्यंत उतरू शकते. घरी चार भाग बर्फास एक भाग मीठ घेतल्यास शून्याखाली १० अंशांच्या आसपास तापमान सहज मिळते आणि आपल्या कामास ते पुरेसे होते.

ही युक्ती जुनी आहे. अकबराच्या काळात सोऱ्याच्या द्रावणात भांडे फिरवून पाणी गार करीत, असे वर्णन ‘आइने-अकबरी’त आहे. १८३० नंतरच्या काळात अमेरिकेतील तळ्यांचा बर्फ जहाजांतून मुंबईस येऊ लागला व तेथे बर्फघर उभे राहिले. १८४३ साली फिलाडेल्फिया येथील नॅन्सी जॉन्सन या महिलेने हाताने फिरवण्याच्या आइस्क्रीमच्या भांड्याचे एकस्व मिळविले. लाकडी बादली, तीत बर्फ-मीठ, मध्ये धातूचा डबा आणि वर फिरवण्याचा दांडा ही आपल्याकडे लग्नकार्यात दिसणारी ‘पॉट’ची रचना त्याच तत्त्वावर चालते.

मिश्रण गोठताना ढवळत राहण्याचेही कारण आहे. स्थिर ठेवलेल्या मिश्रणात पाण्याचे मोठे, टोकदार स्फटिक बनतात आणि पदार्थ दातांखाली करकरतो. ढवळल्याने स्फटिक बारीक राहतात, थोडी हवाही मिसळते आणि पदार्थ मऊ होतो. दुधातील स्निग्धांश व फळातील चोथा हेही या कामी साहाय्य करतात.

फळ आणि दूध यांची निवड

धारवाडचा परिसर फळांसाठी ख्यातनाम आहे. येथील हापूस आंबा व पेरू दूरच्या बाजारांत जातात. दुधाच्या बाबतीतही हा भाग मागे नाही. धारवाडी म्हैस ही स्वतंत्र जात म्हणून २०२१ साली राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली. सुप्रसिद्ध धारवाडी पेढ्यामागे येथील म्हशीच्या दुधाचा मोठा वाटा आहे.

पिवळ्या-केशरी आंब्याच्या गरातील कॅरोटिनपासून शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व तयार होते व ते दृष्टीच्या आरोग्यास आवश्यक आहे. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. एवढे संत्र्यातही नसते. केळ्यात ऊर्जा व पोटॅशियम, तर चिकूत तंतुमय भाग चांगला असतो. १०० ग्रॅम गाईच्या दुधातून सुमारे १२० मिलिग्रॅम व म्हशीच्या दुधातून सुमारे २०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. वाढत्या वयातील मुलांच्या हाडांसाठी ते उपयुक्त आहे.

आंबा पेंढ्याच्या आढीत नैसर्गिक रीतीने पिकलेला घ्यावा. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. डागी फळ घेण्यास हरकत नाही. दबलेला भाग सढळ हाताने कापून टाकावा. परंतु बुरशी आलेले, आंबूस वास येणारे किंवा फेसाळलेले फळ स्वस्त मिळाले तरी वापरू नये.

कृती पहिली : आंबा व चक्का

आठ जणांसाठी साहित्य पुढीलप्रमाणे :

• दूध – १ लिटर
• पिकलेल्या आंब्याचा गर – ५०० ग्रॅम
• साखर – ६० ग्रॅम
• वेलदोड्याची पूड – पाव चमचा
• मीठ – चिमूटभर
• विरजण – १ चमचा

गोठवण्यासाठी ४ किलो बर्फ, १ किलो जाडे मीठ, घट्ट झाकणाचा पोलादी उभा डबा आणि तो मध्ये बसून भोवती चार बोटे जागा राहील अशी बादली लागेल. डबा पाऊण भरेल एवढेच मिश्रण त्यात घालावे.

१. दूध चांगले उकळावे व काही मिनिटे ढवळत उकळत ठेवावे. क्षय व इतर काही रोगांचे जंतू कच्च्या दुधातून येऊ शकतात. म्हणून या पायरीत सवलत घेऊ नये. दूध कोमट झाल्यावर विरजण लावावे.

२. दही लागल्यावर उकळून वाळवलेल्या स्वच्छ फडक्यात बांधून तीन-चार तास टांगावे. कडक उन्हाळ्यात पुरचुंडी चाळणीत ठेवून, खाली पातेले व वर झाकण घालून, शीतकपाटात ठेवणे चांगले. नाहीतर चक्का आंबट होतो. खाली जमलेले पाणी फेकू नये. कणीक भिजवण्यास किंवा कढीस ते उपयोगी पडते.

३. आंबे शुद्ध पाण्याने धुवावेत. हात साबणाने धुऊन गर काढावा व घोटावा. गर गाळून चोथा टाकू नये. पोटासाठी तोच गुणकारी असतो आणि मिश्रणही त्यानेच दाट होते.

४. चक्का, गर, साखर, मीठ व वेलदोडा एकत्र करून रवीने एकजीव करावे आणि मिश्रण झाकून गार करावे. आंबा अतिशय गोड असेल तर साखर निम्मी करावी.

५. बादलीच्या तळाशी बर्फाच्या खड्यांचा थर द्यावा, त्यावर मूठभर मीठ टाकावे व मिश्रणाचा डबा मध्ये ठेवावा. भोवती एक थर बर्फ, एक थर मीठ असे भरत जावे. बर्फाची पातळी डब्याच्या झाकणाखाली दोन बोटे ठेवावी. वर गोणपाट टाकावे.

६. डबा हाताने दोन्ही बाजूंस फिरवत राहावा. हातांत जाड फडके धरावे. खारट बर्फाचा दीर्घ स्पर्श झाल्यास कातडीस इजा होते. दर दहा मिनिटांनी झाकणावरील खारे पाणी कोरड्या फडक्याने पुसून मगच ते उघडावे, कडेस गोठलेला थर उलथन्याने खरवडून मध्ये घ्यावा व ढवळावे. बादलीत खारे पाणी फार झाल्यास थोडे काढून नवा बर्फ व मीठ घालावे.

७. सुमारे पाऊण तासात मिश्रण मऊ श्रीखंडासारखे घट्ट होते. झाकण लावून आणखी अर्धा तास तसेच ठेवल्यास ते अधिक आवळून येते.

ज्यांच्या घरी शीतकपाट आहे, त्यांनी मिश्रण पसरट डब्यात झाकून बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. दीड तासाने कडा गोठल्या की काढून रवीने घुसळावे आणि पाऊण-पाऊण तासाने आणखी दोनदा तसेच करावे.

कृती दुसरी : केवळ केळी

ही सर्वांत स्वस्त व सोपी कृती होय. सालीवर काळे ठिपके पडलेली, पूर्ण पिकलेली चार केळी सोलून चकत्या कराव्यात व बर्फाच्या कप्प्यात पाच-सहा तास ठेवाव्यात. नंतर अर्धी वाटी उकळून गार केलेले दूध घालून मिक्सरमध्ये वाटाव्यात. आरंभी भुगा होतो, परंतु वाटत राहिल्यास त्याचे सायीसारखे मऊ मिश्रण बनते. साखरेची मुळीच गरज लागत नाही. यात चिकूचा गर मिसळल्यास स्वाद वाढतो. मात्र चिकूच्या बिया काळजीपूर्वक काढाव्यात.

कृती तिसरी : पेरूच्या कांड्या

पेरूचा हंगाम हिवाळ्यात जोरावर असतो, तरी थोडीफार फळे इतर वेळीही मिळतात. पिकलेले पेरू धुऊन चिरावेत, उकळून गार केलेले थोडे पाणी घालून कुस्करावेत आणि चाळणीतून दाबून बिया वेगळ्या कराव्यात. गर शिजवू नये. उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्वाचा काही भाग नष्ट होतो. दोन वाट्या गरास दोन चमचे चिरलेला गूळ, एका लिंबाचा रस व चिमूटभर काळे मीठ घालावे. लहान पोलादी पेल्यांत भरून, अर्धवट गोठल्यावर मध्ये स्वच्छ लाकडी काडी रोवावी. काढताना पेला क्षणभर पाण्यात धरला की कांडी सुटते.

प्रमाण राखावे

घरचे म्हणून कितीही खावे असा याचा अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली अशी शिफारस केली की, अन्नात वेगळी घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी व शक्य तर पाच टक्क्यांच्या आत ठेवावी. रोज २,००० कॅलरी घेणाऱ्या प्रौढास पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, अर्थात पाच-सहा चमचे. वरील पहिल्या कृतीत ६० ग्रॅम साखर आठ जणांत विभागली जाते. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास साडेसात ग्रॅम येते. मधुमेही व्यक्तींनी साखर न घातलेला पदार्थही वैद्यकीय सल्ल्याने व अल्प प्रमाणातच घ्यावा, कारण फळाची स्वतःची साखर त्यात असतेच. लहान मुलांना टणक गोठलेले तुकडे देऊ नयेत. थोडे मऊ होऊ द्यावेत.

उरलेला पदार्थ झाकून गोठलेल्या अवस्थेतच ठेवावा. वीज जाऊन तो पूर्ण वितळला व तसाच राहिला, तर पुन्हा गोठवून खाऊ नये. वरून तो पूर्ववत दिसला तरी मधल्या वेळात जंतू वाढलेले असू शकतात.

बर्फ कोणता?

बाजारातील लादीचा बर्फ पुष्कळदा मासे व इतर माल थंड ठेवण्यासाठी बनवलेला असतो. खाण्याचा बर्फ व हा बर्फ वेगळा ओळखता यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फास निळा रंग देण्याचा नियम करण्यात आला. डब्याभोवती भरण्यास असा बर्फ चालेल, परंतु त्याचा कण किंवा पाण्याचा थेंब मिश्रणात जाऊ नये. पन्हे वा सरबतात घालावयाचा बर्फ मात्र उकळून गार केलेल्या पाण्याचा, घरी केलेलाच असावा.

काम झाल्यावर बादलीतील खारे पाणी झाडाच्या बुंध्याशी किंवा परसबागेत ओतू नये. त्याने जमीन खारवते. पसरट भांड्यात ते उन्हात आटवल्यास मीठ परत मिळते व पुढील खेपेस गोठवण्यासाठीच वापरता येते.

विकत आणतानाही वेष्टन वाचण्याची सवय लावावी. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के असावा लागतो. ज्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेले असते, तो पदार्थ ‘फ्रोझन डेझर्ट’ या नावाने विकावा लागतो. दोन्ही कायदेशीर आहेत, पण आपण कशाचे पैसे देतो हे ग्राहकास ठाऊक असावे. महिला बचत गटांना वरील पदार्थ विकावयाचे असल्यास २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यानुसार आधी नोंदणी वा परवाना घ्यावा.

शिक्षकांसाठी

हा प्रयोग शाळेत उत्तम प्रकारे करता येईल. एका भांड्यात नुसता बर्फ व दुसऱ्यात बर्फ-मीठ घेऊन प्रयोगशाळेतील तापमापकाने दोन्हींचे तापमान दर पाच मिनिटांनी मुलांकडून नोंदवून घ्यावे व आलेख काढून घ्यावा. गोठणबिंदू, उष्णतेचे वहन व द्रावण हे पाठ्यपुस्तकातील शब्द त्यांना डोळ्यांनी दिसतील. तापमापक मिश्रणाच्या डब्यात मात्र घालू नये. हात धुण्याचा व पाणी उकळण्याचा पाठ याच वेळी दिल्यास तो घरापर्यंत पोहोचेल. गोड पदार्थाबरोबर शिकलेली गोष्ट मूल सहसा विसरत नाही.

१९८६ साली धारवाड येथे कृषी विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. शेती व गृहविज्ञान यांचे शिक्षण उणकलपासून इतके जवळ उपलब्ध असता, परिसरातील फळ उकिरड्यावर जाणे व बालकांनी रंगीत पाणी चोखणे ही दोन्ही दृश्ये एकत्र नांदू नयेत. आंब्याचा हंगाम अवघ्या काही आठवड्यांचा असतो. या काळात प्रत्येक घरी एकदा तरी बादलीभोवती मुले जमावीत, डबा फिरवण्यासाठी त्यांच्यात पाळ्या लागाव्यात आणि शेवटी वाटीत पडलेले गोड कोठून आले, कसे गोठले व ते खाण्यास निर्धोक का आहे, हे त्यांना स्वतःला सांगता यावे. एवढे साधले तरी हा खटाटोप सार्थकी लागला असे म्हणता येईल.